पोळतंय म्हणायचं नाही

तोकुजी सोमेयाच्या डाव्या कमरेवर आलेला फोड खरं तर सोयाबीनच्या दाण्याएवढा होता. पण त्याच्या बायकोच्या, म्हणजे इयोच्या तोंडून ती बातमी जसजशी हिनोसावाचा डोंगर चढली तसतसा फोड फुगत गेला. बसथांब्यावरच्या तिकिटवालीला तो जर्दाळूएवढा कळला, टपाल कचेरीत संत्र्याएवढा झाला, आणि देवळातले भिक्षू रविवारी बघायला आले ते पाठीवर भोपळा असणार अशा तयारीनेच. इयो खोटं बोलायची नाही. तिचा हातच सैल. वाढायला घेतलं की ताटात दोन घास जास्त पडायचेच, मग तो भात असो की बातमी.

हॉस्पिटलचा फोन आला, तेव्हा मात्र तिला वाढायला काही राहिलं नाही. सोमवारी दहाला घरातल्या सगळ्यांनी या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हे असंच चाललं तर उष्णतेचे उपचार बंद करावे लागतील म्हणून.

सोमवारी तिघांच्या खोलीत पाच जण कोंबून बसले. तोकुजी मधल्या खुर्चीत, पाठ ताठ, हात मांड्यांवर. त्याच्या एका बाजूला इयो, दुसऱ्या बाजूला मुलगा कानामे. मुलगी चिझू भिंतीला टेकून उभी, कारण ह्या हॉस्पिटलात बाबांना आणलं तिनेच, आणि काही बिनसलं की सगळे आपल्याकडे बघणार हे तिला ठाऊक होतं. दाराशी स्टुलावर तोकुजीचा धाकटा भाऊ गिनपेई. त्याची खानावळ आणि भाड्याच्या बारा खोल्या हिनोसावाच्या गरम पाण्याच्या कुंडावरच चालायच्या, त्यामुळे त्या पाण्यापुढे जगातली बाकीची औषधं त्याला ताकासारखी वाटायची.

डॉक्टर हागिवारा वयाने चिझूपेक्षा लहान. तिने फोडावरून सुरुवात केली नाही, गाठीवरून केली. गाठ गुदद्वाराजवळ होती, अगदी खाली. महिनाभर किरण आणि गोळ्या, आठवड्यातून एकदा उष्णतेचं यंत्र, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. गाठ पुरेशी आकसली तर नेहमीची वाट वाचवता येईल. नाही आकसली तर ती वाट बंद करून पोटावर पिशवी लावावी लागेल, कायमची. उष्णता एकटी काही करत नाही, ती किरणांना हात देते, असं तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा गिनपेईकडे बघून.

पिशवी म्हणजे काय ते तोकुजीला कुणी समजावून सांगायला नको होतं. पन्नास वर्षं तो हिनोसावाच्या कुंडाचा म्होरक्या. त्या पाण्यात सगळे उघडेच उतरतात, एकत्र. पोटाला पिशवी असलेला माणूसही उतरू शकतो, असं नर्सने त्याला सांगितलं होतं. त्यावर तो नुसतं "हं" म्हणाला होता. तोकुजीचं "हं" म्हणजे विषय संपला. तो उतरणार नव्हता, आणि कुंडात न उतरणारा तोकुजी किती दिवस जगेल ह्याचा हिशेब इयोने मनात करून बघितला होता आणि अर्ध्यात सोडून दिला होता.

"मागच्या वेळी यंत्र चालवताना एनोमोतोबाईंनी तुम्हाला नऊ वेळा विचारलं, कुठे गरम लागतंय का," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही नऊ वेळा नाही म्हणालात. कातडी जळेपर्यंत."

"हं," तोकुजी म्हणाला.

"सोमेयासान, इथे सहन करायचं नसतं. सांगायचं असतं."

तोकुजीने मान लववली. वळणाच्या माणसासारखी, अगदी खाली.

आता हे गप्प सोसणं कुणाला विचित्र वाटेल, पण हिनोसावात कुणालाच वाटलं नसतं. तिथलं पाणी सत्तेचाळीस अंशांचं. आधी लांब फळ्यांनी ते घुसळायचं, डोक्यावर तीस पळ्या ओतून घ्यायच्या, मग म्होरक्याने हाक दिली की सगळ्यांनी एकदम उतरायचं. तीन मिनिटं. हलायचं नाही, कारण हललेलं पाणी चावतं. म्होरक्या दर मिनिटाला हाक घालतो, सगळे एका गळ्यात ओ देतात, आणि त्या ओपलीकडे एक शब्द काढायचा नाही. पोळतंय हा शब्द तर कुंडाच्या छपराखाली उच्चारायचाच नाही. एकाने म्हटलं की शेजाऱ्याला पोळायला लागतं, त्याच्या शेजाऱ्याला त्याहून जास्त, आणि तीस माणसं बेडकांसारखी बाहेर उड्या मारतात. इयो सांगायची की तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळी एका सामुराईने तो शब्द काढला, तर लाजेने त्याच्या मिशा जागच्या जागी गळून पाण्यावर तरंगल्या. मिशांचं सोडा, पण चार पिढ्या सोमेयांच्या घरात तो शब्द कुणी काढला नव्हता हे खरं. चहाने जीभ भाजली तरी नाही.

त्यानंतर इयोने डॉक्टरणीला एक प्रश्न विचारला. आमचं पाणी सत्तेचाळीस आणि तुमचं यंत्र म्हणे बेचाळीस, मग कमी गरम असून ते जास्त काम कसं करतं?

डॉक्टरणीला तो प्रश्न आवडला. तिने कागद ओढून चित्र काढलं. पाणी कातडीला पोळतं, पण आतवर पोचत नाही, शरीर पोचू देत नाही. यंत्र आतूनच तापवतं. आणि तापलं की चांगलं मांस आपल्या रक्ताच्या वाटा मोकळ्या करतं, रक्त धावत येतं आणि ताप वाहून नेतं. गाठीच्या वाटा वेड्यावाकड्या, अरुंद. त्यांना मोकळं होताच येत नाही. ताप येतो आणि तिथेच साचतो. सगळा शेजार सुटतो, ती एकटी शिजत राहते. अशी शिजून दुबळी झाली की किरण तिला सोडत नाहीत.

इयो त्या चित्राकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने मोठमोठ्या गोष्टी रचल्या होत्या, पण ही तिच्याही कुवतीपलीकडची. माणसाच्या आत, कुणाला न दिसता, मांसाला कळतं की आता पळायला हवं. ते कागदाचं चिटोरं तिने मागून घेतलं आणि घडी करून कमरपट्ट्यात खोचलं.

"आज दुसरी बैठक," डॉक्टर म्हणाली. "फोडाची जागा टाळून करू. पण आजही ते गप्प राहिले तर ही शेवटची. मग फक्त किरण आणि गोळ्या. मी माणूस जाळणार नाही."

तोकुजीला किरणांसाठी खाली नेलं. उरलेले चौघं तळमजल्यावरच्या उपाहारगृहात सोबाच्या शेवयांचे वाडगे घेऊन बसले, आणि बसल्या बसल्या गिनपेईने तोंड उघडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. भावाला घरी न्यावं. ज्या पाण्याने कोडी बरे केले, पांगळे चालवले, त्या पाण्याच्या म्होरक्याला शहरात आणून यंत्राच्या दोन थाळ्यांमध्ये दाबायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायला मास्तर ठेवल्यासारखं.

"काका, ते पाणी गेली अठ्ठ्याहत्तर वर्षं बाबांच्या अंगावर आहे," चिझू म्हणाली. "गाठ त्यातच वाढली."

गिनपेईने वहिनीकडे बघितलं, कानामेकडे बघितलं. कानामे आपल्या बाजूने बोलेल असं त्याला वाटत होतं, आणि इयोलाही तेच वाटत होतं. म्होरकेपण आता कानामेकडे आलं होतं. वसंतात, चिझूने बाबांना शहरात न्यायचं ठरवलं तेव्हा ह्याच कानामेने बहिणीशी तीन आठवडे अबोला धरला होता. बापासारखाच तो, कमी बोलणारा, ताठ. लहानपणी मधमाशी चावली तरी त्याने येऊन सांगितलं नव्हतं. सुजलेला डोळा घेऊन जेवायला बसला होता.

कानामेने वाडग्यातलं पाणी संपवलं, चॉपस्टिक आडव्या ठेवल्या.

"फेब्रुवारीत निईगाताच्या एक मास्तरीणबाई आल्या होत्या," तो म्हणाला. "तिसऱ्या मिनिटाला मी हाक दिली, सगळ्यांनी ओ दिली, त्यांनीही दिली. आणि मी बघतोय तर चेहरा राखेसारखा. ओ देता देताच त्या खाली चालल्या होत्या. केसांना धरून ओढलं मी त्यांना."

हे कुणालाच माहीत नव्हतं. इयोलासुद्धा, आणि हिनोसावात मांजर शिंकलं तरी इयोला कळायचं.

त्याने पुढचंही सांगितलं, जड जड, एकेक वाक्य विहिरीतून शेंदल्यासारखं. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या माणसाला तो फळ्यांनी पाणी घुसळायच्या आधी बाजूला घेतो आणि हळूच सांगतो, सोसवेना तर काठच्या लाकडावर तळहात टेकवा, मी काढतो. बोलायला नको. रीत मोडत नाही. आत्तापर्यंत सव्वीस जणांनी तळहात टेकवलेत. बाबांना माहीत नाही.

गिनपेईचा चेहरा लाल झाला. चारशे वर्षांची रीत, तो म्हणाला, आणि तू काठावर खुणा करून घेतोस.

"चारशे वर्षांत किती जण पाण्यातून उचलून आणले आणि म्हातारपणाने गेले असं सांगितलं, काका? तुम्हाला आकडा माहितीये. तुमच्याच खोल्यांतून जायचे ते."

शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या आईला चमच्याने सूप भरवत होती. गिनपेई तिच्याकडे बघत बसला. मग त्याने आपल्या सोबावरचं उकडलेलं अंडं उचललं, जे तो कधी कुणाला देत नसे, आणि पुतण्याच्या वाडग्यात ठेवलं.

"खा," तो म्हणाला. "वाळलायस."

चिझू भावाकडे असं बघत होती की जणू त्याची आत्ताच कुणी तिला ओळख करून दिली होती. तिने विचारलं, मग हे बाबांना तू सांगशील का. कानामेने नकाराची मान हलवली. नव्या म्होरक्याने जुन्याला शिकवायचं नसतं, तो म्हणाला, त्यांना वाटेल मी त्यांची पन्नास वर्षं पुसतोय. चिझूने आधीच चारदा सांगून बघितलं होतं आणि चार "हं" घेऊन परत आली होती. गिनपेई म्हणाला मी सांगितलं तर दादा मला ढकलून देईल. मग तिघांनी मिळून इयोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" इयो म्हणाली. "माझं तर खरंही कुणाला खरं वाटत नाही."

पण ती उठली.

यंत्राच्या खोलीत एकालाच सोडतात. केसांतली पिन, घड्याळ, दाराची किल्ली, सगळं धातूचं तिने काढून ठेवलं आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. बाहेर जाड काचेपलीकडे तीन चेहरे ओळीने लागले. यंत्र मोठं होतं, त्यांच्या देवळातल्या पुरुषभर उंच घंटेएवढं, आणि इयोने मनातही ते वाढवलं नाही. दोन गोल थाळ्या, एक पोटावर, एक पाठीखाली, दोन्हींना गार पाण्याच्या मऊ पिशव्या. मध्ये तोकुजी, भाताचा मुटका दोन तळहातांत धरावा तसा. एक बारीक तार आत गाठीपाशी सोडलेली. तिच्या टोकाचं तापमान पडद्यावर हिरव्या आकड्यात दिसत होतं.

एनोमोतोबाई पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या. त्यांनी बटण फिरवलं. काही आवाज नाही, ज्योत नाही, वाफ नाही. नुसता आकडा चढू लागला. सदतीस. साडेसदतीस. अडतीस. तोकुजीच्या कपाळावर घामाचे मणी उगवले आणि कानांकडे ओघळले. इयोच्या अंगावर काटा आला. डोंगर जमिनीच्या पोटात पाणी तापवतो ते काम ही बाई एका बोटाने करत होती, तिच्या नवऱ्याच्या पोटात.

"कुठे गरम लागतंय का?"

"नाही."

एकोणचाळीस. एकोणचाळीस आणि आठ.

"आता?"

"नाही."

इयोचं लक्ष त्याच्या पायाकडे होतं. डाव्या पायाचा अंगठा हळूहळू आत मुडपत होता. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. तिला तो अंगठा पाठ होता.

"त्यांना पोळतंय," ती म्हणाली.

एनोमोतोबाईंनी लगेच बटण मागे घेतलं. कुठे, त्यांनी विचारलं. इयोला ते कुठून कळणार? अंगठा एवढंच सांगतो. कुठे ते फक्त त्या माणसाला माहीत. एनोमोतोबाईंनी तोकुजीला विचारलं. तो छताकडे बघत राहिला. हिरवा आकडा घसरला, एकोणचाळीस, मग त्याच्याही खाली.

"जागा कळली तर तिथे एक छोटी गादी सरकवते, गार करते आणि पुन्हा वर नेते," एनोमोतोबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "जागा कळल्याशिवाय वर नेणार नाही. मग बेचाळीस गाठता येणार नाहीत, आणि बेचाळीसच्या खाली ह्याचा उपयोग नाही. अजून पस्तीस मिनिटं आहेत."

इयोने कमरपट्ट्यातला कागद काढला, उलगडला, पुन्हा मिटला. मग खुर्ची थोडी पुढे ओढली.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या पोटात आत्ता एक कुंड भरलंय."

तोकुजीने डोळे मिटले. बायकोची गोष्ट सुरू झाली की तो असे डोळे मिटायचा. बावन्न वर्षांची सवय.

"सगळे उतरलेत त्यात. कातडी, मांस, आतडी, हाडं, सगळं बिऱ्हाड. आणि चांगली आहेत ना, ती सगळी बोंबलतायत. पोळतंय, पोळतंय. लाज नाही काही नाही. बोंबलतात, रक्ताला बोलावतात, आणि सुटतात. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलंय मला, माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. एकच जण त्यात गप्प बसलाय. पाठ ताठ, हात मांड्यांवर. तो म्हणजे आपली ती गाठ. त्याला उठताच येत नाही, म्हणून तो गप्प. त्यालाच मारायला आलोत आपण."

आकडा अडतीसवर स्थिर झाला होता.

"तो गप्प आणि तुम्हीही गप्प. ह्या बाईंनी बाहेरून ओळखायचं कसं, कोण कोण ते? सांगा ना. तुम्ही कुणाच्या रांगेत बसलाय?"

इयोने त्याचे श्वास मोजले. सहा झाले, सात झाले. काचेपलीकडे कानामेने तळहात काचेला टेकवला होता, त्याचं त्यालाही कळलं नसेल. तोकुजीचे ओठ उघडले आणि पुन्हा मिटले. सोमेयांच्या घरात चार पिढ्यांत जो शब्द कुणी स्वतःबद्दल काढला नव्हता, तो ह्या म्हाताऱ्याच्या तोंडात वाट शोधत होता.

"डावीकडे," तो म्हणाला. आवाज जुन्या फळीसारखा करकरला. "कमरेच्या हाडाच्या खाली. तीन बोटं." मग एक श्वास. "पोळतंय."

एनोमोतोबाई आधीच उठल्या होत्या. तीन बोटं मोजून त्यांनी गादी सरकवली, पिशवी नीट बसवली. इथे? इथे. आता? आता बरं. बटण फिरलं. एकोणचाळीस, चाळीस.

"उजवी मांडी, आतल्या बाजूने. टाचणीसारखं."

पुन्हा गादी. चाळीस आणि सहा.

"पोटावर, बेंबीच्या खाली. हे पोळणं नाही, हे ओढणं. फरक आहे."

त्यानंतर तो थांबेचना. पन्नास वर्षं ह्या माणसाने पाण्याकडे नुसतं बघून सांगितलं होतं, आज अर्धा अंश जास्त आहे. आता त्याच नजरेने तो स्वतःकडे बघत होता. किती खोल, केवढं, कुठून कुठे सरकतंय, सगळं सांगत होता. अकरा वर्षांत आपल्याला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं, एनोमोतोबाई म्हणाल्या. आणि इयोला दिसलं ते असं की तो जितक्यांदा पोळतंय म्हणत होता, तितकी आच वाढवता येत होती. सोसून जिथे पोचता आलं नव्हतं तिथे तो सांगून सांगून चढत होता. एक्केचाळीस. एक्केचाळीस आणि सात. घामाने उशी भिजली, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि पडद्यावर बेचाळीस आणि एक असा आकडा येऊन उभा राहिला, हलेना.

बाहेर गिनपेईने डोक्यावरची टोपी काढली. देवळात काढतात तशी.

"एवढं धरून ठेवायचं," एनोमोतोबाई म्हणाल्या. "वीस मिनिटं. जमेल? नाहीतर कमी करते."

"दुखतंय," तोकुजी म्हणाला. "चालू द्या."

वीस मिनिटांतली बारा गेली असतील. इयो कपड्याने त्याच्या कपाळावरचा घाम टिपत होती, एनोमोतोबाईंनी तेवढी परवानगी दिली होती. तोकुजीने मान तिच्याकडे वळवली. लग्न होऊन हिनोसावात आली तेव्हापासून बायकांच्या रांगेत पहिली जागा इयोची. म्होरक्याच्या घरच्या बाईने कसं बसायचं असतं ते इतर बायकांनी बघावं म्हणून. बावन्न वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस, ती तशी बसली होती.

"इयो," तो म्हणाला. "तुला पोळायचं का गं?"

कुणी दुसऱ्याने विचारलं असतं तर तिने गोष्ट रचली असती. कुंडात अंडी उकडली, पायांची नखं वितळली, काहीतरी. तिने घाम टिपायचा थांबवला.

"रोज," ती म्हणाली.

तोकुजी तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा असा आकसला की एनोमोतोबाईंचा हात झटकन बटणावर गेला.

"सोमेयासान, कुठे? कुठे लागतंय?"

"नाही," तो म्हणाला. "हे यंत्राचं नाही. तुम्ही चालू ठेवा."